समुद्राचा डबा

सुट्ट्या तोंडावर आल्या तसे घड्याळजींच्या बायकोने स्वयंपाकघराच्या फळीवर तीन डबे मांडले आणि नवरा, मुलगा, सून यांना समोर बसवून सांगितलं, की यंदाचा खर्च या डब्यांच्या बाहेर जाणार नाही. एक डबा पाहुण्यांचा, एक कपड्यांचा आणि तिसरा समुद्राचा. लग्न झाल्यापासून तिला समुद्र बघायचा होता. पण दर सुट्टीत कधी पाहुण्यांच्या गाद्या, तर कधी गळकं छप्पर तिचा समुद्र गिळून बसे.

दुसऱ्याच दिवशी घड्याळजींना भंगारवाल्याकडे लंबकाचं जुनं घड्याळ दिसलं आणि त्यांचा जीव त्यात अडकला. त्यांनी तिसऱ्या डब्यातली एक नोट उचलली. समुद्र काही पळून जात नव्हता. दुकानात दोन गिऱ्हाइकं येताच त्यांनी नोट परत ठेवली आणि सहज मोजून पाहिलं, तरी पैसे कमीच. आपलंच चुकलं असेल म्हणून त्यांनी पदरची एक नोट घातली. सकाळी पुन्हा कमी.

कुणाला विचारायची सोय नव्हती. डब्यात तुम्ही हात का घातलात, हेच आधी विचारलं गेलं असतं. पण रोज मागे पडणारं घड्याळ उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, तसंच इथेही झालं. त्यांनी झाकणावर मनगटी घड्याळातलं एक बारीक चाक ठेवलं. पुढचे चार दिवस रोज सकाळी चाक जागच्या जागी असे आणि पैसे कमी. मग मात्र ते दाराआड दबा धरून बसले.

आधी मुलगा आला. इकडेतिकडे बघून त्याने झाकण उघडलं आणि आत नोट टाकली. तो वळतो तोच सून आली, तिच्याही मुठीत नोट. घड्याळजी बाहेर आले तेव्हा तिघांचेही चेहरे बघण्यासारखे झाले. मुलाने स्कूटरसाठी पैसे घेतले होते, सुनेने चपलांसाठी.

"पण आम्ही ते केव्हाच भरलेत, बाबा," मुलगा म्हणाला. "तरी रोज कमी. आम्हाला वाटलं, तुम्हीच..."

"मी कशाला घेऊ?" घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला.

लाज राहिली बाजूला, तिघंही उंबऱ्यावर बसून विचार करू लागले. भरणारे तिघं, काढणारं कुणी नाही, मग पैसे जातात कुठे? सुनेला उंदराचा संशय आला. उंदीर झाकण लावून जात नाही, असं मुलाचं म्हणणं पडलं. घड्याळजींच्या मते तो चाक तर मुळीच परत ठेवणार नाही. शेवटी तिघांनी वर्गणी काढून डबा काठोकाठ पुरा केला.

संध्याकाळी बायकोने डबे खाली घेतले. समुद्राचे पैसे मोजले, बरोबर भरले. तिघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग तिने पिठाच्या डब्यामागून नोटांचं एक फुगलेलं पुडकं काढलं.

"हे गं कुठले?" घड्याळजींनी विचारलं.

"याच डब्यातले. नोटा जायच्या आणि दोन दिवसांनी आपोआप यायच्या. म्हटलं, या डब्यात काहीतरी गुण आहे. मग मी रोज थोडे काढून बघायला लागले. काढले की भरतो. पाहुण्यांच्या डब्यातलेही काढून बघितले, पण तो काही भरला नाही." तिने ते बारीक चाक नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. "आणि हे घ्या. रोज जागेवर ठेवून ठेवून माझे डोळे दुखायला लागले."

त्या पैशांत आता समुद्रासमोरच्या खोलीत आठवडाभर राहणं होणार होतं. ती आणि तिची थोरली बहीण परवा निघणार होत्या.

"परवा? अगं, परवा तर पाहुणे येणार," घड्याळजी म्हणाले.

"त्यांचा डबा आहे ना फळीवर," पुडक्याची गाठ मारत ती म्हणाली. "कमी पडलं तर गुपचूप भरायची सवय तुम्हा तिघांना लागलीच आहे."