निळ्या डोळ्यांचे पणजोबा

अकरा वाजता उमरीचे पाहुणे अयोध्येला बघायला येणार होते आणि साडेदहाला तिचे वडील सटवाजीराव स्टुलावर चढून पणजोबा टांगत होते.

"डावीकडं घ्या थोडं," खालून सिंधुबाई म्हणाल्या. "अहो, पर ह्यांचे डोळे निळे कशे?"

"तवाच्या माणसांचे असायचे तसे! तू पोह्याचं बघ!"

खरं तर औशातल्या या घराण्यात लष्करात कोणी गेलंच नव्हतं. पण फोनवर बोलता बोलता सटवाजीरावांनी "आमचे पणजोबा लष्करात सरदार होते" असं पाहुण्यांना ठोकून दिलं होतं. मग धावतपळत त्यांनी पाशामियाँ पेंटरचं दुकान गाठलं. तिथं एक चित्र तयारच होतं. कुठल्याशा परमुलखातला कोवळा राजा, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीभर बिल्ले, कमरेला तलवार. "घेऊन जावा, लई रुबाबदार हाय," पाशामियाँ म्हणाले होते. पणजोबा अयोध्येपेक्षाही लहान दिसत होते, पण आता ते बघायला वेळ कुणाला होता?

पाहुणे आले. मुलगा हनुमंत, तहसीलात कारकून. सोबत आई पारूबाई आणि वडील अमृतराव. अयोध्येनं दाराआडून हनुमंताकडं एकदाच पाहिलं आणि आईचा हात असा काही दाबला, की सिंधुबाईंना सगळं कळलं.

अमृतराव मात्र खुर्चीत बसता बसताच थबकले. भिंतीकडं बोट करून म्हणाले, "हे... हे कोण?"

"आमचे पणजोबा! सरदार!" सटवाजीरावांची छाती फुगली.

"आवो, हे तर आमचे पणजोबा! उमरीला बैठकीत लावलेत!"

सटवाजीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "असतील की... म्हणजे दोघांचे..." ते पुटपुटले.

"दोघांचे?" पारूबाई उठल्याच. "मग आपण भावकी झालो! पोरगा-पोरगी बहीण-भाऊ लागतेत!"

"आडनाव वेगळं, पर रक्त एकच म्हणायचं," अमृतराव घाम पुसत म्हणाले. "भावकीत सोयरीक न्हाई करता येत. चल हनुमंता."

हनुमंत जागचा हलेना. आतून अयोध्येचा हुंदका ऐकू आला. तो ऐकून सटवाजीरावांच्या काळजात चर्र झालं. आपली अब्रू गेली तर जाऊ दे, पोरीचं स्थळ जायला नको!

"थांबा!" ते ओरडले. "हे आमचे कोणीच न्हाईत! पाशामियाँ पेंटरकडून आणलेत!"

आता हा माणूस चार गोष्टी सुनावणार, म्हणून सटवाजीरावांनी मान खाली घातली. अमृतराव मात्र मटकन खुर्चीत बसले.

"आमचेबी तिथलेच हायत," ते हळूच म्हणाले.

"काय?" पारूबाई कडाडल्या. "दोन वर्षं झाली, रोज उदबत्ती लावून राहिले मी त्या मेल्याला!"

आधी हनुमंत हसला, मग आत अयोध्या, मग सगळं घर. पोहे थंड झाले, पण सोयरीक जमली!

लग्नात पाशामियाँना पहिल्या रांगेत बसवून फेटा बांधला. त्यांनी आहेर म्हणून भलंमोठं चित्र आणलं होतं. "राजेसाहेब दोन्ही घरी एकटेच हायत. म्हणलं, जोडी पायजे." कागद फाडला, तर आत नऊवारी नेसलेली, ठसठशीत नथ घातलेली पणजी!

सिंधुबाईंनी जवळ जाऊन निरखून पाहिलं आणि नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

"अहो, हिचेबी डोळे निळेच की! म्हणजे पणजोबानं भावकीतच लगीन केलं!"