गावंडेकाकांचा काटा

गावंडेकाका माणसाला नावानं हाक मारत नाहीत, रंगानं मारतात. मी चक्कीचं शटर वर करते तेव्हा समोरच्या पहिल्या मजल्यावरून आवाज येतो, "काय ताई, आज नारिंगी दिसून राहिल्या! साहेबांशी वाजलं का काही?" साहेब म्हणजे माझे यजमान. ते काकांच्या लेखी कायम हिरवे. मी पिवळी ते नारिंगी. लाइटबिल येतं त्या दिवशी लाल.

हे रंग हवेच्या निर्देशांकाचे. हिरवा म्हणजे चांगली हवा, तिथून पिवळा, नारिंगी, लाल करत शेवटचा गडद लाल म्हणजे गंभीर. हे आता अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत शेंबडं पोरगंही सांगतं. शिकवणी काकांची.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चांदूर बाजारपासून बाळापूरपर्यंतचे तराजू तपासण्यात नोकरी गेली. स्वतःच्या लग्नाचं मंगळसूत्र घ्यायला गेले तेव्हा त्यांनी आधी सोनाराचा काटा तपासला म्हणतात, आणि होणारे सासरे दुकानाबाहेर उन्हात उभे राहिले. भाजीवाली काकांना बघून हात आखडता न घेता दोन वांगी जास्तच टाकते. तेही काकांना चालत नाही. "जास्त तोलणं हेही खोटंच ना," म्हणून दोन वांगी परत. त्यांचं एक वाक्य आम्हाला सगळ्यांना पाठ आहे: "काटा खोटं बोलत नाही ताई, काटा ठेवणारा बोलते."

मावशी, म्हणजे काकांच्या पत्नी, गेल्या त्यानंतरच्या वर्षी ऑस्ट्रेलियाहून मंजूनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, एक पांढरी डबी पाठवली. साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी. आत बारका पंखा हवा ओढतो, लेझरच्या उजेडात धुळीचे कण चमकतात आणि डबी ते मोजते.

"खिडकीतल्या कवडशात धूळ नाचते ना, तेच," काकांनी मला समजावलं. "पण डोळ्याले दिसते ते मोठं धूड. ते नाकातच अटकते. हा अडीच मायक्रॉनवाला बारीक कण नाकाले गुंगारा देऊन थेट फुप्फुसात जाऊन बसते. केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा!"

मग डबी आकडा काढते आणि तो वायफायवरून जगाच्या नकाशावर जातो. कोणीही मोबाइलवर बघावं; ठिपक्यावर बोट ठेवलं की दिवसभराच्या चढउताराची रेघही दिसते. सरकारी यंत्र आमच्यापासून लांब. त्यामुळे नकाशावर आमच्या भागात एकच ठिपका, तो काकांचा. काकांची हवा तीच कॉलनीची हवा.

या डबीनं काका बदलले. निर्देशांक अनेक प्रदूषकांतल्या सगळ्यात वाईटावरून ठरतो, हे कळल्यावर त्यांनी तो नियम माणसांना लावला. "घरात चार जण गोड अन् एक तिरसट, तर घराचा आकडा तिरसटाचाच धरा!" कॉलनीच्या समितीचा आकडा त्यांनी याच पद्धतीनं अध्यक्षांवरून काढला. अध्यक्ष महिनाभर बोलत नव्हते. "बोलतील," काका म्हणाले. "एका दिवसावर जाऊ नये, सरासरी पहावं."

तर या ठिपक्यानं मागच्या हिवाळ्यात माझ्यावर बालंट आणलं.

रोज सकाळी साडेसाताच्या सुमाराला ठिपका लाल व्हायचा. फिरायला जाणारी मंडळी नकाशा बघून परत पांघरुणात शिरू लागली. बालवाडीच्या बाईंनी पोरांना अंगणात सोडणं बंद केलं. आणि समितीनं बैठक घेऊन शोध लावला की कॉलनीत धूळ उडवणारी गोष्ट एकच, माझी मिरची-मसाल्याची चक्की.

"वहिनी, थोडे दिवस चक्की बंद ठेवा," अध्यक्ष म्हणाले.

"माझी चक्की नऊला सुरू होते," मी म्हटलं. "लाल साडेसाताला होते. मिरची काय अलार्म लावून आधीच उडते का?"

"हवामान आहे, वहिनी. सांगता येत नाही."

मला सांगता येत होतं. साडेसाताला काकांच्या घरातून फोडणीचा वास येतो, हे मला माझ्या शिंका सांगत होत्या. रोज येतो. एकादशीलाही. त्या दिवशी काकांचा उपास असतो, तरी फोडणी होतेच आणि आलूपोह्यांची ताटली माझ्याकडे येते. मी आजवर आयते पोहे खाल्ले, विचार केला नव्हता. आता केला आणि जिना चढले.

डबी काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलेली होती. बाहेरून. एक्झॉस्ट पंख्याच्या अगदी तोंडाशी.

यंत्र चुलीजवळ नको, झाडाआड नको, मोकळ्या हवेत उंचावर पाहिजे, हे आम्हाला ज्यानं शिकवलं त्या माणसाची ही डबी!

"काका," मी म्हटलं, "हे तर काटा मारणं झालं."

जन्मभर दुसऱ्यांना जो शब्द ऐकवला तो स्वतःला ऐकून काका ओट्याला टेकले. मला वाटलं, वाद घालतील. ते म्हणाले, "हो. मारून राहिलो."

"काहून पण?"

"तुमची मावशी गेली अन् मंजूचा रोज फोन. बाबा, जेवले का? बाबा, जेवले का? एक दिवस मी भडकलो. म्हटलं, मी काय लहान पोट्टा आहो का? रोज हाजरी घेऊ नको. तर तिनं हे धाडलं. म्हणे, ठीक आहे, फोन नाही करत. तुम्ही फोडणी घातली की रेघ वर जाईल. तिच्यावरून समजीन."

"मग समजते का ती?"

काकांनी गॅसचं बटण उगाच पुसलं. "मले काय मालूम? तिथं तेव्हा दुपारची सुटी असते, एवढं मालूम. पाहते का नाही पाहत... विचारलं तर तो फोनच झाला ना. सणासुदीले बोलतो आमी, ते पावसापाण्याचं."

म्हणजे हा गृहस्थ पंख्याच्या तोंडाशी रोज मोहरी तडतडवत होता, आणि पलीकडे कोणी बघतंय की नाही याचा पत्ता नाही. मला हसू आलं आणि मग आलं नाही. मी म्हटलं, "चक्की बंद पडली तर तिखट कुठून आणाल?" आणि खाली आले. समितीला सांगितलं, यंत्र दुरुस्तीला काढायचं आहे, थोडं थांबा. चक्की मी बंद केली नाही. अध्यक्षही बोलायचे बंद झाले. सरासरी पहावं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी फोडणीचा वास आला नाही. मी वर गेले. काका तापानं फणफणलेले, कानटोपी घालून पलंगावर बसून उठायची खटपट करत होते.

"कुठं निघाले?"

"साडेसात होऊन राहिले, ताई."

"पडा. मी घालते."

कढई तापवली, तेल टाकलं, मोहरी टाकली. काकांचा हात कसा ते मला ठाऊक नव्हतं. माझा हात चक्कीवाल्या बाईचा. सुक्या मिरच्या मूठभर गेल्या. क्षणात घर भरलं. काका खोकतायत, मी खोकतेय, समोरच्या गच्चीवर कोणीतरी ओरडतंय. मोबाइलवर बघितलं तर लाल मागे टाकून ठिपका थेट गंभीर.

आणि काकांचा फोन वाजला. पलंगापासून तो लांब होता, मीच उचलला.

"कोण बोलतंय?" मंजू. आवाज चढलेला. "बाबा कुठे आहेत?"

"मी समोरची चक्कीवाली. अगं, थोडा ताप आहे त्यांना. फोडणी झाली बघ आत्ताच."

"ती बाबांची नव्हती, काकू! बाबांची रेघ वर जाते आणि लगेच खाली येते, ते फोडणीत मिरची घालतच नाहीत, आईला ठसका लागायचा म्हणून. हा तर डोंगर आला एकदम. मी डबा टाकून उठले. खरं सांगा, काय झालंय?"

मी फोन काकांच्या कानाला लावला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. खोकल्यातून वाट काढत एवढंच विचारलं, "पाहते होय वं तू?"

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. कढई जळत होती.

डबी आता गच्चीवर आहे, मोकळ्या हवेत, नियमानं. सकाळचा ठिपका बहुतेक दिवस पिवळा असतो, बालवाडीची पोरं अंगणात असतात आणि अध्यक्ष माझ्याशी बोलतात, ज्याची मला काही घाई नव्हती. काका अजून मला रंगानंच हाक मारतात. फक्त साडेसाताला समोरच्या खिडकीतून फोनची घंटी ऐकू येते, आणि त्यामागोमाग अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा काकांचा आवाज.

"हो, जेवलो! मी काय लहान पोट्टा आहो का?"