गावंडेकाकांची अरबी

संध्याकाळ झाली की गावंडेकाकांच्या ओसरीवर गल्लीतली पोरं एका सुरात घसा खरवडायला बसतात. नालवाडीत त्यांची आणि आमची भिंत एकच. सुरुवातीला माझ्या आईला वाटलं, डांग्या खोकल्याची साथ आली. तिनं तुळशीचा काढा करून पाठवला. काकांनी तो सगळ्यांना पाजला आणि वर निरोप दिला, "वहिनीले सांगजो, खोकला नोहे, अरबी हाय. पन काढा रोज पाठवा म्हना, उच्चार सुधारून राह्यले!"

काका एसटीतले निवृत्त कंडक्टर. उभी नोकरी आर्वी-हिंगणघाट करण्यात गेली. अरबस्तानशी संबंध काय तो खजुरापुरता. साठीनंतर एकदम अरबीच्या मागं लागले. सकाळी गावातल्या एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांकडून धडा घ्यायचा आणि संध्याकाळी, शिळा व्हायच्या आत, पोरांना वाढायचा.

शिकवायची तऱ्हा मात्र एसटीची. अरबीत अक्षरं एकमेकांना जोडून लिहितात. कुणी सुटीसुटी लिहिली की काका ओरडत, "सरकून बसा, सरकून! गाडी काय तुमच्या बापाची हाय?" अलिफ नावाचं एक उभं अक्षर पुढच्याला जोडतच नाही. "हा खिडकीपाशी बसनारा प्यासेंजर. समोरच्याले अंगाले लागू देत नाई. त्याच्या नादी लागू नोका." घशातून काढायचा 'ऐन' पोरांना जमेना, तेव्हा म्हणाले, "डाक्टर चमच्यानं जीभ दाबते, तवा जे निंघते ना, तेच!"

शब्द बरोबर आला की गोरसपाक बिस्किटाचा तुकडा. त्यामुळं हजेरी कधी कमी पडली नाही. एका पोरीची आई एकदा तणतणत आली. "काऊन जी हे अरबी? इंग्रजी शिकवान तर कामी तरी येईन."

"इंग्रजीच्या गाडीले लय गर्दी हाय, बाई," काका म्हणाले. "हे रिकामी हाय. बसू द्या पोरीले."

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची मुलगी सुषमा मस्कतला नर्स आहे. तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं. नात सलमा सहा वर्षांची. फोनच्या पडद्यावर ती अरबीत काहीतरी भरभर बोलायची, काका वऱ्हाडीत "कशी हायेस वं बाई?" विचारायचे. मग दोघंही नुसती हसायची आणि फोन सुषमाकडं जायचा.

यंदाच्या सुटीत सलमा पहिल्यांदाच आली. आली ती आईच्या ओढणीत तोंड खुपसून. कुणाकडं बघेना, जेवेना. काकांनी पाठ केलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं, तर आणखीच आत शिरली.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी सगळी पोरं जमली आणि पाढे म्हणावेत तशी ओरडली, "तआली, नल्अब!" म्हणजे, ये, खेळू या. सलमानं ओढणी बाजूला केली. पोरांकडं टकमक बघितलं, खुदकन हसली आणि धूम बाहेर पळाली.

मी ओसरीवरच होतो. काका हळूच म्हणाले, "याच्याचसाठी होतं सारं. आजोबाच्या गावाले येऊन पोरगी एकटी नोको पडाले."

घटकाभरानं सलमा घामाघूम होऊन आली आणि काकांची बंडी ओढत म्हणाली, "जद्दी, माय! माय!"

जद्दी म्हणजे आजोबा, एवढं काकांना कळलं. त्यांनी आत हाक मारली, "सुषमा, ये वं, पोरगी मायले बोलावते!"

सुषमा दारात येऊन हसायला लागली. "बाबा, तिकडं पान्याले माय म्हनतात. ते पानी मांगून राह्यली."

काका लगबगीनं आत गेले, माठातलं पाणी घेऊन आले. सलमा घटाघटा प्यायली, पेला त्यांच्या हातात कोंबून पुन्हा पळाली.

"काका, तुमच्या मास्तरांनी हा शब्द शिकवला नाही वाटतं," मी चिडवलं.

काकांचं लक्ष नव्हतं. रिकामा पेला हातात धरून ते तसेच उभे होते.

"माय तं घरातच होती ना तिची," ते म्हणाले. "तरी पानी मले मांगतलं."