मलमाची ट्यूब आणि जावयाचं हृदय

बायकोला सांगायचं नाही, एवढाच माझा निर्णय होता. त्यापायी सासरची चौदा माणसं टेम्पोत बसून भिंगारला येतील, असं कुणाला वाटेल?

आजार होता फिशर, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर. तीन महिने ती भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "पाणी पीत नाही, दिवसभर खुर्चीत बसता. पोट कडक होऊन चीर पडली. दुखतं म्हणून तुम्ही जाणं टाळता, की आणखी कडक. तिथला स्नायू आवळून बसलाय, रक्त पोचत नाही, मग जखम भरणार कशी?" (आमच्या ऑफिसातल्या फायलींचं असंच होतं, पण मी बोललो नाही.) त्यांनी स्नायू सैल करणारं मलम दिलं, इसबगोल दिलं, कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं आणि तिखट बंद केलं. दोन महिन्यांत चीर भरली नाही, तर छोटं ऑपरेशन.

ऑपरेशनला मी भीत नव्हतो, सासऱ्यांना भीत होतो. सूर्यभानराव नेवाशाकडचे बागायतदार. थोरले जावई वैजनाथराव निवृत्त सुभेदार. सासरच्या प्रत्येक लग्नात सत्काराला माइकवरून त्यांचं नाव पहिलं पुकारतात. माझं बारा वर्षांत एकदाही नाही. त्यात ही चीर कळली असती तर संपलंच.

ट्यूब मी दाढीच्या सामानात लपवली. बायकोला, पंकजाला, ती दुसऱ्याच दिवशी सापडली. तिनं मोबाईलवर औषधाचं नाव शोधलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल करतं, छातीत दुखण्यावर देतात, असं तिथं होतं. ती डोळे पुसत आली.

"छातीत कधीपासून दुखतंय?"

मी तोंड उघडलं आणि (पराक्रम बघा) मिटलं. "फार नाही," म्हणालो.

तिनं माहेरी फोन लावला आणि दुपारी टेम्पो दारात. सूर्यभानरावांनी मला हाताला धरून पलंगावर निजवलं. "आमी हाय ना. तुमी निस्तं पडून ऱ्हावा." वैजनाथरावांनी माझ्या चपला सरळ केल्या. तेरा जण परतले, पथ्यासाठी सासूबाई राहिल्या. रोज पपई, पालेभाजी, ताक, आणि मिरचीला घरात बंदी. टबात बसणं "रक्त फिरायला बरं" म्हणून खपलं. सातव्या आठवड्यात चीर भरली. मी बाथरूममधून राजासारखा बाहेर आलो.

तेवढ्यात सासरे मला नगरच्या हृदयवाल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तपासलं, ट्यूब वाचली आणि शांतपणे म्हणाले, "यांचं हृदय उत्तम आहे. हे मलम खालच्या बाजूचं."

बाहेर आल्यावर सासऱ्यांनी मला जिन्याखाली ओढलं. मी डोळे मिटले.

"पन बरं झालं का?"

"पूर्ण. ऑपरेशनशिवाय."

"मला पाच वर्सं झाली," ते पुटपुटले. "कुनाला बोल्लो न्हाई."

मी लगेच मोठेपणानं बजावलं, की माझी ट्यूब नको, आधी तपासून घ्या. घेतलं. दोन महिन्यांत ते मांडी घालून जेवू लागले. बातमी भावकीत कशी पसरली ते विचारू नका. लोक मला कोपऱ्यात नेऊन सल्ला विचारू लागले. माझी मान उंच झाली.

मग मेहुणीचं, निकिताचं लग्न आलं. माइकवाल्यानं घसा साफ केला. "पहिला सत्कार धाकट्या जावयांचा." वैजनाथरावांच्या आधी मी. छाती भरून आली.

"बसायचा त्रास घालवनारे आपले दाजी, त्यांनी स्टेजवर यावं." मग तो शेजाऱ्याकडं वळला. माइक चालूच होता. "त्यांचं नाव काय हाय रं?"

शेजाऱ्याला माहीत नव्हतं. त्यानं मागं विचारलं, मागच्यानं त्याच्या मागं. मांडवभर विचारपूस झाली आणि शेवटी सगळ्यांनी सासऱ्यांकडं पाहिलं. तेही माझं नाव आठवत होते.