सासूबाईंची भेट

लाल फीत बांधलेला लिफाफा सासूबाईंनी त्रिफोनच्या ताटाशेजारी ठेवला, तेव्हा वकील मोमचिलच्या तोंडात कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा होता. म्हणून तो वेळेवर ओरडू शकला नाही.

"उघड, बाळा," ग्रोझदाबाई म्हणाल्या. "तुझ्या नावाच्या संताचा दिवस. मोजे झाले, टोपी झाली, दोन मफलर झाले. यंदा म्हटलं, जावयाला काहीतरी भारी द्यावं."

त्रिफोन सकाळीच सणाच्या रिवाजाप्रमाणे आपल्या मळ्यात जाऊन द्राक्षाच्या वेली छाटून, त्यांच्या मुळाशी वाइन ओतून आला होता. उरलेली त्याने स्वतःत ओतली होती. त्यामुळे मन मोठं झालं होतं. त्याने लिफाफा उघडला, कागद वाचला आणि सासूबाईंचा हात हातात घेऊन त्याचा मुका घेतला. ग्रोझदाबाईंनी मोज्यांच्या कारखान्यातले आपले सगळे शेअर त्याच्या नावावर करून दिले होते. हातात हात घालून बसलेल्या त्या दोघांकडे बघून त्रिफोनच्या बायकोच्या, त्स्वेतानाच्या, डोळ्यांत पाणी आलं.

कारखान्यात ग्रोझदाबाईंचं आयुष्य गेलं होतं. आता तिथे मोजे निघत नव्हते. यंत्रं भंगारात गेली आणि उरलेल्या इमारती भाड्याने देणारी एक कंपनी झाली. जुन्या कामगारांना वाटलेले शेअर त्यांच्या नावावर तसेच पडून होते. त्रिफोनचं फर्निचरचं दुकान तिथेच, तळमजल्यावर. उद्या कुणी उपटसुंभ मालक येऊन भाडं वाढवेल, या धास्तीने तो कित्येक वर्षं दोन-दोन लेव्हला शेअर गोळा करत आला होता. पण एक तृतीयांश भागाच्या अलीकडे, नखभर अंतर ठेवून, तो मुद्दाम थांबला होता. मोमचिलनेच थांबवलं होतं.

तोच मोमचिल आता त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"गाढवा, ओलांडलीस!"

"काय ओलांडली?"

"रेषा! एक तृतीयांशाच्या वर गेलास. आता कायद्याने तुला उरलेल्या सगळ्या भागधारकांना सांगावं लागणार, की या, तुमचे शेअर मी रोख पैसे देऊन घेतो."

"पण मला नकोत!"

"तुला कोण विचारतंय? त्यांना द्यायचे असले तर तुला घ्यावेच लागतील. आणि भाव मनाला येईल तो नाही. गेल्या सहा महिन्यांत तू किंवा त्स्वेतानाने दिलेला सगळ्यात मोठा भाव, त्याच्या खाली जाता येत नाही. नवरा-बायको कायद्याला एकच."

त्रिफोनने मनातल्या मनात हिशेब केला. दोन लेव्हने धरलं तरी मळा विकावा लागत होता. त्याची वाइन झरझर उतरली.

"यातून सुटका?"

"दोन आठवड्यांच्या आत थोडे विकून टाक. रेषेच्या खाली आलास की सुटलास."

"एवढंच? मग घाबरवतोस कशाला?"

पण शेअर घेणार कोण? गावात आजवर ते विकत घेणारा एकच वेडा होता आणि तो म्हणजे त्रिफोन. सोफियातल्या दलालाला त्याने फोन केला, तर दलाल हसला. "साहेब, या शेअरचा धंदाच तुमच्यावर चालतो. तुम्हीच विकायला लागल्यावर घ्यायचं कुणी?"

मग त्याने सासूबाईंपुढे हात जोडले. "आई, तुमचे तुम्ही परत घ्या ना. तुमचे आशीर्वाद तेवढे ठेवतो."

"परत?" ग्रोझदाबाईंनी विणकाम खाली ठेवलं. "दिलेलं परत घेऊ? शेजारीपाजारी काय म्हणतील? जावयाने तोंडावर फेकलं म्हणतील." आणि त्यांनी दोन दिवस त्याच्या हातची कॉफी घेतली नाही.

बाहेर बोलणं मात्र बंद नव्हतं. स्वयंपाकघराचं दार पातळ होतं. 'रोख पैसे' एवढं त्यांनी ऐकलं होतं आणि ते आपल्या जुन्या मैत्रिणींना सांगितलं होतं. रोज कुणी ना कुणी चीजची गरम बानित्सा घेऊन दुकानात यायची आणि सोफ्यावर बसायची.

"त्रिफोन, राजा, माझे कधी घेतोस? दात बसवायचेत."

"मावशी, मी काहीच घेत नाहीये."

"असं कसं? ग्रोझदा खोटं बोलेल होय?"

शेवटी त्रिफोन मिन्चो न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला. "मिन्चो, तुला थोडे शेअर देतो. फुकट."

मिन्चोचा वस्तरा थांबला. "फुकट? तू? काय, कारखान्यात आग लागलीय का?"

"नाही रे."

"मग भिंती पडतायत."

"मिन्चो, मैत्री म्हणून घे!"

"मैत्री म्हणून तू मला कधी साधी बाटली दिली नाहीस."

बरीच घासाघीस झाली. फुकट शेअर घ्यावेत म्हणून त्रिफोनला वर दोन डबे वाइन, कागदपत्रांचा खर्च आणि न्हाव्याच्या दुकानासाठी एक बाकडं द्यावं लागलं. पण काम झालं. नोंद झाली तेव्हा मोमचिल म्हणाला, "नखभर खाली आलास. मुदत संपेपर्यंत आता शिंकूसुद्धा नकोस."

त्रिफोन शिंकला नाही. फेब्रुवारी संपला, मुदत संपली आणि मार्चच्या पहिल्या सकाळी तो दोन आठवड्यांत पहिल्यांदा शीळ घालत न्याहारीला आला. गावभर लोक वसंत आला म्हणून एकमेकांच्या मनगटांना लाल-पांढरे दोरे बांधत होते. त्याच्या ताटाशेजारी एक लिफाफा होता, तशाच लाल-पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला.

"उघडा ना," त्स्वेताना लाजत म्हणाली. "आई आठवडाभर रडत होती. तुम्ही तिची भेट त्या न्हाव्याला दिलीत म्हणून. मी माझ्या साठवलेल्या पैशांतून परत आणली. चार दिवस झाले, आजच्यासाठी लपवून ठेवली होती."

त्रिफोन खुर्चीत बसला. "कितीला?"

"मिन्चो बिचारा साधा माणूस. दोन लेव्हच म्हणत होता. मला इतका राग आला! म्हटलं, दोन? माझ्या आईच्या सगळ्या आयुष्याच्या कष्टांना दोन? सातच्या खाली मी घेतच नाही, म्हटलं."

"तू भाव वाढवलास?"

"मग? माझी आई आहे ती!"

फोन वाजला. मोमचिल होता. "त्रिफोन, नोंदवहीत काहीतरी भलतंच दिसतंय. त्स्वेतानाच्या नावावर..."

"माहीत आहे."

"मुदत काल संपली आणि तुम्ही दोघं मिळून रेषेच्या वर होता, माहीत आहे ना? आता सगळ्यांना द्यावं लागणार. आणि सातच्या भावाने."

"मोमचिल, मळा जाईल."

"नुसता मळा? दुकानही धर."

बाहेर फाटकाशी कलकल ऐकू आली. त्रिफोनने खिडकीतून पाहिलं. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी बानित्सा घेऊन आल्या होत्या आणि ग्रोझदाबाई, मनगटाला दोरा बांधून, त्यांना ओळीने उभं करत होत्या. "ढकलू नका ग! मिन्चोला सात, तर सगळ्यांना सात. माझा जावई आहे तो, ऐरागैरा नाही!"

त्रिफोन बाहेर आला आणि पायरीवर बसला.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मोजेच द्या."

ग्रोझदाबाईंनी प्रेमाने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"वेड्या, तुला मोजे कशाला? अख्खा कारखानाच आता तुझा."