ओला फळा

"माणसानं टाकून दिलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात एक नवी वस्तू झोपलेली असते. आपण फक्त तिला हाक मारायची."

हे उद्गार तात्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध, एक हात वर करून काढले. दुसऱ्या हातानं त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला, जाड कोरीव चौकटीचा आरसा जमिनीवर टेकवून धरला होता. आरसा इतका आंधळा झाला होता की समोर माणूस उभा आहे की कपाट, एवढंच त्यात कसंबसं कळे.

"अहो, हाक मारा की," काकू नवऱ्याला म्हणाल्या, "पण आधी तो माझ्या अंगठ्यावरून उचला."

तात्यांनी आरसा उचलला आणि कामाला लागले. त्याचा त्यांना फळा करायचा होता. काचेला पॉलिश कागद मारून त्यांनी वर फळ्याचा काळा रंग चढवला. चौकटीला सोनेरी. काळा रंग उरला तो त्यांच्यानं बघवेना, म्हणून चहाचा ट्रे, मिठाच्या बरणीचं झाकण आणि एक स्टूल एवढ्यांचेही फळे झाले. घरात बसायला जागा कमी आणि लिहायला जागा जास्त झाली. शेवटी शेजारच्या सुताराला बोलावून तात्यांनी मोठा फळा सोफ्यासमोरच्या भिंतीत बोल्टांनी पक्का ठोकून घेतला.

"वादळ आलं तर घर जाईल, फळा राहील," ते समाधानानं म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना फार जड गेलं.

ही सगळी धडपड आक्कांसाठी होती. आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. मागच्या खेपेला पहिल्याच चहाला काकूंनी विचारलं होतं, "मग आक्का, परत कधी जाणार?" तिकीट वेळेवर काढता यावं, एवढाच बिचारीचा हेतू. आक्कांनी कप अर्धा ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेल्या. पुढे वर्षभर फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे शब्द नाही. आई गेल्यानंतर तात्यांना हक्कानं रागावणारं आक्कांशिवाय कोणी उरलं नव्हतं. ते रागावणं बंद झाल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. आता आक्का आपण होऊन येणार होत्या आणि या वेळी काही चुकून चालणार नव्हतं.

काही चुकू नये म्हणूनच काकूंनी आदल्या संध्याकाळी खडू उचलला आणि नव्याकोऱ्या फळ्यावर लिहिलं: 'आक्कांना कधी जाणार हे विचारायचं नाही.' काकू निवृत्त शिक्षिका. अक्षर शेवटच्या बाकावरून दिसेल एवढं आणि खडूवर भार असा की वाक्य गिरवल्यासारखं उमटलं. जाता येता नजरेखाली राहील, पाठ होईल आणि सकाळी पुसून टाकू, असा साधा हिशेब.

सकाळी पुसलं. अक्षरं होती तिथेच राहिली.

ओलं फडकं मारलं तेव्हा ती गेली. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. पंख्याखाली फळा वाळला आणि आक्का, कधी, जाणार असं करत सगळं वाक्य पुन्हा वर आलं.

काकूंनी रंगाचा रिकामा डबा शोधला आणि त्यावरचे ओघळ नखानं खरवडून वाचलं, "'फळा वाळल्यावर आधी आडवा खडू सगळीकडे घासून पुसून घ्यावा. तसे न केल्यास पहिला मजकूर कायमचा राहील.' हे वाचलं नव्हतं तुम्ही?"

"वाचणार कसं? वर रंग सांडला होता."

"कोणी सांडला?"

तात्यांनी भांड्यांची घासणी आणली आणि उजव्या टोकापासून जोर लावला. थोडा रंग निघाला, थोडा घाम निघाला आणि 'नाही' तेवढं साफ निघालं. दोघं मागे सरकून बघायला लागले. भिंतीवर आता ठसठशीत वाक्य होतं: 'आक्कांना कधी जाणार हे विचारायचं.'

"ते 'नाही' परत लिहा," काकू म्हणाल्या. "आधी लिहा, मग काय ते बघू."

तात्यांनी खरवडलेल्या जागी खडू दाबून लिहिलं आणि तेही तसंच पक्कं बसलं. मग वर कॅलेंडर अडकवलं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

आक्का आत आल्या, सोफ्यावर बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "फोनवर एवढं कौतुक सांगत होतास त्या फळ्याचं, आणि वर कॅलेंडर कशाला? काढ ते."

तात्यांनी एका हातानं कॅलेंडर काढलं आणि दुसऱ्या हातानं ओलं फडकं फिरवलं. फळा काळाभोर चमकला.

"ओला का करतोस रे?"

"नव्या फळ्याला पाणी द्यावं लागतं."

"झाडासारखं?"

"साधारण तसंच."

"मग वाढणार आहे का तो?" आक्कांनी विचारलं. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही.

त्या दिवसापासून तात्यांच्या हातात इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली आली. दर थोड्या वेळानं ते उठून फळ्यावर फवारा मारत. पंखा लावला की फळा लवकर वाळे, म्हणून पंखा बंद. आक्का पदरानं वारा घेत आणि काही बोलत नसत. त्या बोलत नाहीत म्हणून तात्या आणखी धास्तावत.

काकूंची तऱ्हा वेगळी. धोका नको म्हणून त्यांनी जाणं हा विषयच घरातून हद्दपार केला. आक्कांनी सहज विचारलं, "दूधवाला गेला का गं?" तर काकू म्हणाल्या, "तो आता इथे नाही." वीज गेली तेव्हा त्या "अंधार आला" म्हणाल्या. तात्यांनी बाजारात जाणं सोडलं, ते नुसतेच दिसेनासे होत आणि भाजी घेऊन पुन्हा दिसू लागत.

असा जवळजवळ आठवडा लोटला. एका दुपारी मात्र तात्यांचा खुर्चीत डोळा लागला. बाटली मांडीवर कलंडली. जाग आली तेव्हा पंखा जोरात फिरत होता आणि आक्का फळ्यासमोर उभ्या होत्या. काकू स्वयंपाकघराच्या दारात थिजल्या होत्या.

"अक्षर वळणदार आहे हो तुझं," आक्का काकूंना म्हणाल्या. "'नाही' मात्र याचं दिसतंय."

"आक्का, ते तसं नाही..." काकू म्हणाल्या.

"आल्या दिवशीच वाचलंय मी. तुम्ही दोघं आत कुजबुजत होतात, तेवढ्यात वाळला होता."

"मग बोलली का नाहीस?" तात्यांचा आवाज लहान झाला होता.

"काय बोलू? परवाच निघायचं होतं मला. पिशवी भरून बसलेय. पण आपण होऊन निघाले तर म्हणाल, पुन्हा रुसली. कोणी विचारलं असतं तर सरळ सांगून गेले असते. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही तर दूधवाल्यालासुद्धा जाऊ देईनात." त्या खाली बसल्या. "एवढी भीती वाटते माझी?"

तात्यांनी बाटली उचलली, पण फवारा मारला नाही.

"तुझी नाही वाटत," ते म्हणाले. "तू पुन्हा वर्षभर नुसतं 'हं' म्हणशील, त्याची वाटते. मला वेड्या म्हणणारं दुसरं कोण आहे आता?"

आक्कांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"वेडाच आहेस," त्या शेवटी म्हणाल्या. "भिंतीला पाणी घालत बसतो आठवडाभर." मग त्या काकूंकडे वळल्या. "आणि तू, ये इकडे. विचार मला."

शाळेत तपासणीला साहेब आल्यासारख्या काकू पुढे येऊन ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "आक्का, परत कधी जाणार?"

आक्कांनी विचार केला. पाय उचलून सोफ्यावर मांडी घातली.

"आता विचारलंसच इतक्या मोकळेपणानं, तर घाई कशाला करू? राहते अजून आठ-दहा दिवस," त्या म्हणाल्या. "तेवढी माझी उशी मात्र बदलून दे. मान पार आखडलीय."