पडद्यापलीकडचं पाणी

विष्णूअण्णा कुणाच्याही घरी गेले की "या, बसा" ऐकायच्या आत माठात नाक घालतात. "कुठलं पाणी हे?" थेट वहाळाचं, म्हणजे ओढ्याचं, म्हटलंत की माठ अंगणात उपडा! माझ्या बायकोने त्यांच्यावर दोनदा झाडू उगारलाय.

अण्णा जयगडला बंदरात फिटर होते. निवृत्त होऊन आमच्या वाडीत परतले, त्याच वर्षी वहाळाकाठी पाणी गाळायचं यंत्र बसलं. आत सुतासारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा. पाणी आरपार जातं, गाळ नि जंतू अडकतात. अण्णा त्याला 'पडदा' म्हणतात. फीत कापून साहेब जे गेले ते गेलेच. पडदा रोज उलट्या पाण्याने धुवायचा असतो, हे एकट्या अण्णांनी ध्यानात ठेवलं.

यंदा श्रावणात वहाळ तांबडाभडक झाला. पडदा तुंबला, नळाला करंगळीएवढी धार. मग एका सकाळी अचानक धो धो पाणी! बायका खूश. अण्णांनी कळशीचा तळ बघितला. माती! सरपंचांनी पडदा वगळून थेट पाइप जोडून घेतला होता. अण्णांनी तो करवतीने कापला.

वाडी देवळासमोर जमली.

"पाणी कुणी तोडलं?" सरपंच गरजले.

"मी. आणि ते पाणी नव्हतं, चिखल होता!"

"आमचे बापजादे हेच प्यायले."

"प्यायले ना! त्यातले किती हगवणीने गेले, ते सांग की सगळ्यांना!"

सरपंचांनी मान फिरवली. बाकीच्यांनी मात्र अण्णांनाच शिव्या घातल्या. मी गप्प उभा होतो, त्याची मला अजून चीड येते.

तीन दिवस अण्णा औषधाच्या पाण्यात पडदा भिजवत, धूत बसले. त्यांच्याही शिव्या चालूच होत्या, "मेल्यांनो, पडद्याची कदर नाय तुम्हाला!" चौथ्या दिवशी नळाला नितळ पाणी आलं. आभार मानायला एक माणूस फिरकला नाही.

संध्याकाळी शरमून मीच त्यांच्याकडे गेलो. अण्णा पडवीत फोनवर होते, पाठमोरे. आवाज इतका मऊ, की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"सूनबाई, गेल्या खेपेस इथलं पाणी पिऊन छकुलीला कावीळ झाली, मान्य. पण आता पाणी चांगलं हाय गो. मी स्वतः बघतो... नाय, तसं नाय..."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, बाटल्यांचं पाणी आणा सोबत. मी काय बोलणार नाय. पण या."